इंग्लंडच्या किनाऱ्यावरची पेज

माझ्या वयाच्या बायका गुडघ्याला लावायचं तेल बदलून बघतात. मी एम.ए.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला, आणि तोही इंग्रजी साहित्याच्या. घरात हे जाहीर केलं तेव्हा आमचे हे ओटीवर बसून पंपाचा वॉशर बदलत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, पास झालीस तर काय मिळतं? मी म्हटलं, अॅडमिशन. आणि नापास झालीस तर? तर तुम्हाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळतो, असं मी म्हटलं, पण मनात. मोठ्याने म्हटलं की चहा घेणार का.

आमचं घर रेवदंड्याहून मुरुडला जाणाऱ्या रस्त्यावर. मागे नारळाची वाडी आणि वाडीच्या कडेला पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे लोक येतात, समुद्र बघतात, पोटभर जेवतात आणि जाताना कोकमं विकत घेतात. बाहेर पाटीवर ‘घरगुती जेवण मिळेल’ असं लिहिलं आहे. त्यातलं घरगुती म्हणजे मी.

बी.ए. मी लग्नाआधी केलं होतं, इंग्रजी घेऊन. एम.ए. नंतर करू म्हणून ठेवून दिलं. चांगली साडी नंतर नेसू म्हणून ठेवून देतो आणि ती घडीवरच विरत जाते, तसं त्याचं झालं. मधल्या वर्षांत पुस्तकं वाचत राहिले, पाहुण्यांनी खोलीत विसरलेली सुद्धा. पण वाचून झालं की बोलायला कोणी नसायचं. मुंबईच्या एका कॉलेजने नोकरदारांसाठी फक्त शनिवारी भरणारा वर्ग काढला आहे, असं मुलीने फोनवर कळवलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक खोली आली. तिच्यात तासभर माणसं पुस्तकाबद्दल बोलताहेत आणि मधेच कोणी म्हणत नाही की जरा गॅस बंद कर. मला पदवी नको होती, ती खोली हवी होती. जागा थोड्या होत्या आणि वर्ग पुढच्या वर्षी चालेल की नाही, हे कॉलेजलाही ठाऊक नव्हतं. म्हणजे काय व्हायचं ते यंदाच व्हायचं होतं.

माझ्या इंग्रजीबद्दल आधीच सांगून टाकते. आमच्या शाळेत गुरुजी इंग्रजी धड्याची एक ओळ वाचायचे आणि लगेच तिचा मराठीत अर्थ सांगायचे. तेव्हापासून माझी अशी समजूत आहे की प्रत्येक इंग्रजी ओळीखाली एक मराठी ओळ असते, गादीखाली सतरंजी असते तशी. मला आधी ती चाचपून बघावी लागते. त्यात इंग्रजी कादंबऱ्यांमध्ये झाडं फार. सगळ्यांना नावं, आणि ती मी कधी पाहिलेली नाहीत. शब्दकोशात बघितलं तर तिथे लिहिलेलं असतं ‘एक प्रकारचे झाड’. त्यामुळे इंग्लंडमधली समस्त झाडं मी सुरूची समजून वाचते. माझ्या डोक्यातल्या इंग्लंडमध्ये सगळीकडे सुरूचं बन आहे आणि त्यातून बग्ग्या जातात.

परीक्षेला पुस्तकं नेमलेली होती. ती आणली, कव्हरं घातली, आणि मग लक्षात आलं की अभ्यासाला वेळच नाही. सकाळ पाहुण्यांची, दुपार झोपेची, संध्याकाळ डासांची. एकच वेळ हाताशी होती, वाल सोलायची.

आमच्याकडचं वालाचं बिरडं खायला लोक परत परत येतात. पण त्यासाठी वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मग कोमट पाण्यातला एकेक दाणा चिमटीत धरून त्याची साल काढायची. शनिवारच्या जेवणासाठी शुक्रवारची अख्खी दुपार जाते. मागच्या पडवीत आम्ही तिघी बसतो. सासूबाई, मी आणि माझी धाकटी जाऊ. हात गुंतलेले, तोंड मोकळं. तिथे गोष्टी सांगायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. मी सांगितलेली गोष्ट थोडी फुगते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाजारातून परत आले की मला विचारतात, काय झालं ते सांग, आणि मग तुझं सांग.

तर मी ठरवलं की नेमलेली पुस्तकं शुक्रवारी या दोघींना मराठीत सांगायची. उजळणी होईल, आणि दोन बायकांना इंग्रजी साहित्याचा लाभ होईल. लाभाचं पुढे काय झालं ते सांगतेच.

त्यातली एक कादंबरी समुद्राकाठची होती. इंग्लंडच्या थंड किनाऱ्यावरचं गाव, विधवा आई, दोन भाऊ आणि दोघांत मिळून एक होडी. भावांचं भांडण होतं. मोठा रागाच्या भरात एकटाच होडी काढतो आणि परत येत नाही. शेवटच्या प्रकरणात धाकटा भाऊ समुद्राकडे उघडणारी खिडकी आतून विटांनी बुजवून टाकतो. बस, संपलं. वाचून झाल्यावर मी बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते. इंग्रजी वाचताना खालची मराठी ओळ चाचपावी लागली नाही, असं ते पहिलंच प्रकरण.

शुक्रवारी ती गोष्ट पडवीत सुरू झाली. भांडणापर्यंत छान रंगली. सासूबाईंनी धाकट्या भावाला दोन शिव्याही दिल्या. मग मी सांगितलं की होडी सापडली, पण रिकामी.

"मानूस?" सासूबाईंनी विचारलं.

"बुडाला."

"कुनी बगितला बुडताना?"

मी म्हटलं, तसं कोणी बघितलं नाही.

"मंग न्हाय बुडाला. होडी रिकामी हाय म्हंजे तो कुटंतरी उतरला हाय." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग डोळ्यांनीच जावेकडे खूण केली.

जावेचे हात पाण्यात तसेच राहिले होते. माझा धाकटा दीर बोटीवर असतो, मालवाहू जहाजावर. त्या दिवसांत जहाज अशा भागात होतं की त्याचे फोन येत नव्हते. कंपनी म्हणत होती काळजीचं कारण नाही, आणि कंपनीने असं म्हटलं की आमच्याकडे काळजी सुरू होते. आमच्या घरात एक रीत आहे. घरातला माणूस पाण्यावर असेल तोवर गोष्टीत कोणाला पाण्यात ठेवायचं नाही. बुडणाऱ्याला किनाऱ्याला लावायचं आणि मगच उठायचं. ही रीत मी इंग्रजी साहित्याच्या नादात साफ विसरले होते.

"आन त्याला घरी," सासूबाई म्हणाल्या.

मग मी आणला. इलाज काय? मोठा भाऊ एका खडकाला लागला, तिथून दुसऱ्या गावच्या मच्छीमारांनी त्याला उचलला. तो तापाने फणफणला, नाव-गाव विसरला, पुढे आठवलं तसा चालत निघाला. एके दिवशी दारात उभा. आईने आधी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग आत घेतला, गरम पेज दिली. धाकटा भाऊ खिडकीकडे पाठ करून रडत होता. सासूबाई म्हणाल्या, लोणचं दिलं का पेजेबरोबर? म्हटलं, दिलं.

जावेने हात पुन्हा पाण्यात फिरवायला सुरुवात केली.

पुढच्या शुक्रवारी मी दुसरं पुस्तक काढलं, मोठ्या हवेलीतल्या वाटणीच्या भांडणाचं. जाऊ थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, ती दोन भावांचीच सांगा ना." सांगितली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तीच. फोन आला नव्हता. दर खेपेला भाऊ हरवण्याचा भाग आखडत गेला आणि परत येण्याचा वाढत गेला. तो उंबऱ्यात पाय धुवायला लागला. शेजारणी बघायला यायला लागल्या. आई त्याला रागवायला लागली, आणि ते रागावणं सासूबाई स्वतःच करायच्या, माझ्या गोष्टीत घुसून. शेवटी दिराचा फोन आला, सगळं ठीक होतं. जाऊ अंगणात उभी राहून हसत-रडत बोलली आणि परत येऊन वाल सोलायला बसली. तरी गोष्ट तीच लागायची. सवय झाली होती.

परीक्षा मे महिन्यात मुंबईला होती. पहाटेची एसटी, मग मांडव्याहून लाँच. सासूबाईंनी जाताना हातावर दही दिलं आणि बजावलं की पेपर लिहिताना कोणाशी बोलू नको, तुला सवय हाय.

परीक्षेच्या खोलीत सगळी मुलं माझ्या मुलीच्या वयाची. एकाने मला पर्यवेक्षक समजून उत्तरपत्रिका कधी देणार असं विचारलं. घाम, पंखा, आणि पहिल्या पानावर एक न पाहिलेला उतारा. दोन बायका चहा पीत बसल्या आहेत आणि एक दुसरीच्या पडद्यांची तारीफ करते आहे. प्रश्न होता, बोलणारीचा सूर कसा आहे? आपुलकीचा, आदराचा, की आणखी कसला? माझ्याशेजारची मुलगी पेन चावत होती. मी उतारा एकदा वाचला आणि खूण केली. पडद्यांची ती तारीफ म्हणजे सरळसरळ टोमणा होता. इतकी वर्षं सासरी काढलेल्या बाईला सूर कळत नाही असं होत नाही, मग तो कुठल्याही भाषेत असो. इंग्रजी शब्द दोन-तीन अडले, पण पडदे कळले.

बाकीच्या प्रश्नांत मात्र माझी बैलगाडी झाली. आधी मराठीत सुचायचं, मग इंग्रजीत उतरवायचं, मग ते काळाचं रूप बरोबर आहे का बघायचं, तोवर सुचलेलं अर्धं उडून जायचं. आणि मग शेवटचा मोठा प्रश्न आला. त्या समुद्राकाठच्या कादंबरीच्या अखेरच्या प्रसंगाचं महत्त्व विशद करा.

काय सांगू. पेन धावायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी इंग्रजीत न अडखळता लिहीत होते, खालची सतरंजी न चाचपता. मोठा भाऊ दारात उभा राहतो तिथून मी सुरुवात केली. क्षमा कशी शब्दांवाचून केली जाते, ते लिहिलं. आईचं रागावणं हेच तिचं स्वागत कसं आहे, ते लिहिलं. समुद्र हा या कादंबरीत कडक स्वभावाच्या वडीलधाऱ्या माणसासारखा आहे, धाक दाखवतो पण अखेर पोराला घरी सोडतो, असं एक वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झाले. पेजेचं इंग्रजी आठवायला थोडा वेळ गेला. लोणच्याचं लगेच आठवलं. लोणच्यातलं मीठ आणि समुद्रातलं मीठ यांचं नातंसुद्धा मी उलगडून दाखवलं. पुरवणी घेतली. घंटा झाली तेव्हा शेजारच्या मुलीने माझ्याकडे आदराने पाहिलं.

तीच मुलगी बाहेर चहाच्या टपरीवर भेटली. पडद्यांचं काय लिहिलं, वगैरे झालं. मग ती म्हणाली, "काकू, शेवटचा प्रश्न मस्त होता ना? मी सगळं त्या खिडकीवर लिहिलं. तो आतून विटा लावतो ते किती भयंकर आहे."

मी म्हटलं, "हो, पण मोठा भाऊ परत येतो त्यानंतर..."

"तो परत नाही येत, काकू."

"येतो की. पेज पितो."

तिने कप खाली ठेवला. फार हळू, जपून विचारलं, "काकू, इंग्लंडमध्ये पेज?"

त्या क्षणी ते शेवटचं प्रकरण, विटा, ओलं सिमेंट, सगळं मला स्वच्छ दिसलं. मी ते एकदाच वाचलं होतं. दुसरं मात्र शुक्रवारमागून शुक्रवार सांगितलं होतं.

लाँचवर मी वरच्या डेकला न जाता खाली इंजिनाजवळ बसले, म्हणजे स्वतःचं डोकं ऐकू येणार नाही. ती खोली गेली, एवढंच मला कळत होतं. घरी सगळ्यांनी विचारलं, पेपर कसा गेला? मी म्हटलं, भरपूर लिहिलं. खोटं नव्हतं. जाऊ म्हणाली, आपली भावांची आली का? म्हटलं, आली. ती एवढी खूश झाली की त्या रात्री तिने भांडी मला घासू दिली नाहीत. यांना मात्र माझा चेहरा कळला. त्यांनी स्वतः चहा करून आणला, आणि ते चहा करतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

मग जूनमध्ये कॉलेजचा मेसेज आला, मुलाखतीला या. मला वाटलं चुकून आला. मुलीने दोनदा फोन लावून खात्री केली. पावसामुळे लाँच बंद, म्हणून एसटीने पनवेलवरून गेले. अर्धी साडी भिजलेली. आत एक वयस्कर मॅडम आणि एक तरुण सर. मॅडमच्या समोर माझी उत्तरपत्रिका. पुरवणीवरून ओळखली. समासात लाल प्रश्नचिन्ह दिसलं, खाली आणखी एक, मग लाल शाई दिसेनाशी झाली होती.

मॅडमनी इंग्रजीत विचारलं की मी या कादंबरीची कुठली आवृत्ती वाचली. मी इंग्रजीत उत्तर द्यायला गेले. पडवी, वाल, दीर, सगळं एका वाक्यात कोंबलं आणि वाक्याला क्रियापदच सापडेना. मॅडम म्हणाल्या, मराठीत सांगा. मग सांगितलं. सासूबाईंचं, रिकाम्या होडीचं, फोनचं. दोघं ऐकत होते. कोणी हसलं नाही, म्हणून मी जास्तच घाबरले आणि वाल कसे सोलतात तेही सांगून बसले.

"मी या उत्तराला शून्य दिलंय," मॅडम म्हणाल्या.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"बाकीच्यावर तुम्ही काठावर आहात. उताऱ्याची उत्तरं सगळी बरोबर आहेत."

सरांनी विचारलं की मला पुस्तकाचा खरा शेवट आवडला नव्हता का. मी म्हटलं, "फार आवडला, सर. पण तो घरी नेण्यासारखा नव्हता."

मॅडमनी उत्तरपत्रिका मिटून बाजूला ठेवली. मग मॅडम म्हणाल्या, "इथे आलात तर आहे तो शेवट वाचावा लागेल. त्यावर बोलावंही लागेल, तासभर. जमेल?"

मी म्हटलं, "मॅडम, त्याच्यासाठीच तर येतेय."

यादी लागली तेव्हा माझं नाव सगळ्यात खाली होतं. मुलीने फोटो पाठवला, त्यात माझ्या नावाखाली नुसती कॉलेजची भिंत होती. यांनी तो फोटो बराच वेळ मोठा करून बघितला आणि म्हणाले, शेवटून पहिली आलीस. मग म्हणाले, शनिवारी?

हा प्रश्न कोणी तोवर विचारलाच नव्हता. शनिवार हा आमचा जेवणाचा दिवस. खोल्या भरलेल्या, मासळी, बिरडं, सोलकढी, भाकऱ्यांची चळत. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत होत्या. मी म्हटलं, आई, नाही जमलं तर राहू दे, पुढे बघू. मला खरंच तसं म्हणायचं होतं का, ते अजून मला माहीत नाही.

"पुडं कदी?" त्या म्हणाल्या. "माज्या वयाला?"

पहिल्या शनिवारी मी पहाटेच्या एसटीने गेले. वर्गात मागच्या बाकावर बसले, तासभर कादंबरीतल्या एका बाईच्या एकाच वाक्यावर सगळे बोलत होते आणि कोणी गॅस बंद करायला सांगितलं नाही. मी तोंड उघडलं नाही. तोंडात इंग्रजी आलंच नाही. पण कान भरून घरी आले.

घरी काय झालं ते रात्री जावेने सांगितलं. पुण्याची एक बाई, नेहमीची, जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला म्हणाली की आज चव वेगळी लागते, नेहमीच्या ताई कुठे आहेत? आमच्या यांनी सुरमईचे दोन तुकडे करपवले होते, ते तर ताटात दिसतच होते. जाऊ माफी मागायला पुढे झाली. पण सासूबाई तिच्याआधी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ती न्हाय," त्यांनी बाईंना सांगितलं. "ती शाळंत गेलीय. शनवारी आता असंच मिळंल. चांगलं जेवायचं आसंल तर रविवारी या."